पहाऱ्यावर डोळा लागतो, कमी झोपेची सवय कधी होईल?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. बेळगावचं ट्रेनिंग संपवून पलटणीत येऊन काही महिने झालेत आणि पलटण सध्या फील्डमध्ये, म्हणजे धोक्याच्या भागात, आहे. रात्री पहारा, सकाळी फॉल-इन (हजेरीची रांग), दिवसभर वर्किंग पार्टी, म्हणजे अंगमेहनतीची कामं. चोवीस तासांत मिळून झोप चार-साडेचार तास, तीही तुकड्या-तुकड्यांनी. सीनियर म्हणतात, ‘होते सवय.’ परवा संतरी ड्यूटीवर उभ्या उभ्या डोळा लागला, बडीने कोपरानं ढोसून जागं केलं, आणि तेव्हापासून तू धास्तावला आहेस. तुला हवंय ते असं: शरीराला कमी झोपेची सवय लावायची युक्ती, एखादा व्यायाम, नाहीतर गोळी. पलटण कुठं आहे ते लिहिलं नाहीस, हे बरं केलंस. पुढंही लिहू नकोस.

मी आर्मी मेडिकल कोअरचा. नर्सिंग असिस्टंट म्हणून भरती झालो, लखनौला शिकलो आणि नोकरीचा मोठा भाग इन्फन्ट्रीच्या पलटणींमध्ये एमआय रूमवर, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, काढला. डॉक्टर नाही, पण झोप न झालेली पोरं सगळ्यांत आधी माझ्यासमोर यायची. ‘झोप होत नाही’ असं कुणीच सांगायचं नाही. डोकं दुखतंय, जेवण जात नाही, कुऱ्हाड निसटून बोटाला लागली, जिन्यावरून पाय घसरला, अशा तक्रारी असायच्या. ‘रात्री ड्यूटी किती होती?’ असं विचारलं की निम्म्या तक्रारींचं मूळ सापडायचं.

तर पहिली गोष्ट. कमी झोपेची सवय होत नाही. सवय होते ती झोप कमी पडल्याच्या जाणिवेची. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांचे गट करून त्यांना चौदा दिवस रोज चार, सहा किंवा आठ तास झोपू दिलं आणि रोज त्यांच्या लक्षाची परीक्षा घेतली. सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांची कामगिरी रोज घसरत गेली आणि शेवटी दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाच्या पातळीपर्यंत आली. त्यातली खरी मेख पुढे आहे. त्यांना विचारलं की किती झोप येतेय, तर पहिल्या काही दिवसांनंतर त्यांचं उत्तर फारसं बदलत नव्हतं. हात चुकत होता, आणि माणूस सांगत होता की मी ठीक आहे. तुझे सीनियर खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच वाटतं की सवय झाली.

एकाच रात्रीपुरतं बोलायचं तर दुसरा हिशेब बघ. सलग सतरा तास जागलेल्या माणसाचा हात आणि लक्ष रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं सुस्तावतं, आणि चोवीस तासांनंतर ०.१० टक्के असल्यासारखं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा आहे ०.०३. म्हणजे पहाटे पाचला उठलेला ड्रायव्हर रात्री दहाला स्टिअरिंगवर बसतो, तेव्हा त्या मोजमापाने तो मर्यादा ओलांडून बसलेला असतो. त्याच्या तोंडाला वास येत नाही म्हणून कुणी अडवत नाही, एवढंच.

हा विषय निघाला की कुणी ना कुणी पन्हाळगडाचा दाखला देतं. जुलै १६६० मध्ये महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले, बांदल मावळे रात्रभर पावसाचिखलात पालखी घेऊन विशाळगडाकडे धावले आणि दिवस उजाडल्यावर बाजीप्रभूंनी खिंड रोखून धरली. ते ऐकून आजही अंगावर काटा येतो. पण ती एक रात्र आणि एक दिवस होता. जीवावर बेतलेलं असतं तेव्हा एवढा पल्ला माणूस जिद्दीवर काढतो. कारगिलमध्येही आपल्या पोरांनी रात्र-रात्र चढाई केली ती अशीच. तुझी गोष्ट वेगळी आहे. तुला रोज रात्री, महिनोन् महिने, काहीही घडत नसताना अंधारात बघत उभं राहायचंय. तिथं जिद्द कामाला येत नाही, कारण समोर जिद्द लावावी असं काही नसतंच.

म्हणून तुझा प्रश्न मी बदलून घेतो. कमी झोपेत कसं जगायचं, हे सोडून दे. आहे त्या रोस्टरमधून जास्तीत जास्त झोप कशी काढायची, आणि झोप झालेली नसताना पहाटे तीन वाजता आपल्या हातून घात कसा होऊ द्यायचा नाही, हे दोन प्रश्न तुझे आहेत. पलटणीत टिकलेले जुने हवालदार नीट बघ. ते कमी झोपणारे नसतात. वाट्टेल तिथं, वाट्टेल तेव्हा, दहा मिनिटांत झोपणारे असतात. ट्रकच्या मागे, रेंजवर आपली पाळी येईपर्यंत, दरबार (कमांडिंग ऑफिसरची सभा) सुरू होण्याआधी झाडाखाली. आम्ही नवीन असताना त्यांना हसायचो.

आता आधीच सांगतो, कुठं आहेस यावर बरंच अवलंबून आहे. ट्रेनिंग सेंटरमध्ये झोप तोडतात ती मुद्दाम, आणि ती ठरावीक महिन्यांत संपते. पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत, झोप जाते ती बऱ्याचदा फटिगमध्ये (वरकामात) आणि मोबाइलमध्ये. फील्डमध्ये धोका खरा असतो, तिथं रोस्टर बदलायला तुझ्या सेक्शन कमांडरच्या हातातही थोडंच असतं. आणि उंचीवर असशील तर सगळाच हिशेब वेगळा, त्यावर शेवटाकडे येतो.

पहाऱ्याचं गणित मांडू. साधा गार्ड तीन पाळ्यांचा असतो, दोन तास ड्यूटी, चार तास आराम. संध्याकाळी सहाला सुरू झाला असं धर. पहिली पाळी सहा ते आठ आणि बारा ते दोन. दुसरी आठ ते दहा आणि दोन ते चार. तिसरी दहा ते बारा आणि चार ते सहा. कागदावर तिघांना सारखाच आराम आहे. प्रत्यक्षात दुसऱ्या पाळीवाला दहाला सुटतो, हत्यार खाली (म्हणजे रिकामं) करून, पाणी पिऊन आडवा होतो सव्वादहाला. पावणेदोनला त्याला उठवतात. चारला सुटतो, सव्वाचारला पडतो, आणि उजाडायच्या आधी स्टँड-टू (सगळ्यांनी हत्यार घेऊन सज्ज उभं राहणं) असतो, म्हणजे साडेपाचच्या आसपास परत उभा. झाले साडेतीन आणि सव्वा, पावणेपाच तास, तेही झोप लागलीच तर. तुझे चार-साडेचार तास इथून आलेले दिसतात. आणि त्याच्या वाट्याला आली दोन ते चारची वेळ. शरीराचं तापमान त्या सुमारास सर्वांत खाली असतं, साधारण दोन ते सहा. त्या वेळी आठ तास झोपलेला माणूसही पेंगतो. परवा तुझा डोळा लागला तो याच पाळीत, असं मला वाटतं.

या गणितात तुला करण्यासारखं काय आहे? एक म्हणजे रोज पाळी बदलू देऊ नकोस. बरेच गार्ड कमांडर ‘सगळ्यांना समान’ म्हणून रोज पाळी फिरवतात. वरकरणी ते न्यायाचं वाटतं, पण शरीराला रोज नवीन रात्र मिळते. चार-पाच दिवस एकच पाळी आणि मग बदल, असं ठेवलं तर निदान रोज त्याच वेळी सलग तीन-साडेतीन तास झोपायची शरीराला खूण पटते. त्या तीन तासांना हात लावायचा नाही. बाकीची झोप इकडून-तिकडून गोळा करायची. ‘रोस्टर असं लावलं तर बरं’ हे सेक्शन कमांडरला सांगता येतं. मागणी जास्त माणसांची नसते, फक्त क्रमाची असते, त्यामुळे ती मान्य व्हायची शक्यताही जास्त.

दुसरं, उठण्या-झोपण्यातले फुकट जाणारे पंधरा मिनिटांचे तुकडे वाचव. बूट कुठं, टॉर्च कुठं, पाण्याची बाटली कुठं, हे झोपायच्या आधी हाताशी लावून ठेव. ओले मोजे काढ, पाय पुसून कोरडे मोजे घाल. पाय गार असले की झोप लागायला वेळ लागतो, हे मी शेकडो पोरांना सांगितलं असेल. कानटोपी डोळ्यांवर ओढ. कानात कापूस चालतो, पण तुला उठवणारा माणूस हात लावून उठवेल, हे आधी त्याच्याशी ठरव. स्टँड-टूच्या भरवशावर, बिगुलाच्या भरवशावर कापूस घालू नकोस.

तिसरं, दुपार. लंगरनंतर, म्हणजे पलटणीच्या भटारखान्यातल्या जेवणानंतर, दीड ते तीनच्या दरम्यान शरीर पुन्हा एकदा खाली येतं. त्या वेळी वीस-पंचवीस मिनिटं डोळे मिटता आले तर सोन्यासारखं. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर हे तपासलं होतं. सरासरी सव्वीस मिनिटांच्या डुलकीने त्यांची कामगिरी ३४ टक्क्यांनी सुधारली. वीस-पंचवीस मिनिटं घे, नाहीतर सरळ दीड तास. मधली पाऊण तासाची झोप गाढ झोपेतून ओढून काढते आणि माणूस उठल्यावर आणखी बधिर होतो. तो बधिरपणा जायला पंधरा मिनिटं ते अर्धा तास लागतो. म्हणून पाळीवाल्याला पंधरा मिनिटं आधी उठवायची पद्धत आहे. ज्याला ‘झोपू दे बिचाऱ्याला’ म्हणून दोन मिनिटं आधी उठवतात आणि रायफल हातात देऊन पोस्टवर उभा करतात, तो पहिला पाव तास नुसता उभा असतो, बघत नसतो.

आणि मोबाइल. नेटवर्क असलेल्या ठिकाणी झोपेचा सगळ्यांत मोठा चोर तोच. सव्वादहाला आडवा झालेला पोरगा पावणेबारापर्यंत रील्स बघतो, नाहीतर घरी फोनवर जमिनीच्या वादात पंच होऊन बसतो. मग एमआय रूमवर येऊन सांगतो, साहेब, ड्यूटी फार आहे. घरच्यांना एक वेळ ठरवून दे, लंगरच्या आधीची. रात्रीचा फोन फक्त इमर्जन्सीला.

चहाबद्दल. लंगरचा उकळून काळा झालेला गोड चहा ही आपली ताकद आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण तो प्यायल्यावर अंगी लागायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि पाच-सहा तासांनीही त्यातलं निम्मं कॅफिन रक्तात फिरत असतं. म्हणजे दोन ते चारच्या पाळीसाठी पावणेदोनला अर्धा कप ठीक. साडेतीनला मगभर चहा घेतलास तर सव्वाचारची झोप गेली. चुना-तंबाखू मळून ओठात धरणारेही खूप. ती काही मिनिटं तरतरी देते आणि मग सुटल्यावर झोपू देत नाही, वर तोंडाचं काय होतं ते मी पाहिलंय. नवीन असशील तर लागू नकोस तिच्या नादी.

गोळीचं विचारलंस. नाही. जागं राहायची गोळी डॉक्टरच्या हाताखाली, ठरावीक कामापुरती असते. ती कुणाच्या ट्रंकेतून मिळाली म्हणून घ्यायची चीज नाही. त्याहून जास्त काळजी मला झोप आणणाऱ्या गोळ्यांची वाटते. सर्दी झाली, अंगाला खाज सुटली की पोरं एमआय रूमवरून किंवा एकमेकांकडून ॲव्हिल घेतात. त्या गोळीनं झोप येते. खोकल्याच्या काही औषधांचंही तसंच. औषध घेताना तोंडाने सांग, ‘आज रात्री माझा पहारा आहे.’ समोरचा नर्सिंग असिस्टंट जागा असेल तर औषध बदलेल, किंवा सेक्शनला निरोप देईल. न सांगता घेतलंस तर त्याला कळायचा मार्ग नाही.

आता पोस्टवरचं. आर्मी ॲक्ट १९५० मध्ये संतरीनं पोस्टवर झोपणं हा गुन्हा म्हणून नाव घेऊन लिहिलाय. युद्धाच्या किंवा अलार्मच्या वेळी तर त्याची शिक्षा देहदंडापर्यंत जाऊ शकते. तुला धास्ती आहे ती त्याची, आणि असावीही. पण भीतीने माणूस दहा मिनिटं जागा राहतो, दोन तास नाही. कायदा पाठ असलेल्यालाही झोप येते. त्यामुळे शरीराची चाल ओळख. आधी डोळे जड होतात, हे सगळ्यांना कळतं. त्यानंतरचं कळत नाही: झुडूप सरकल्यासारखं वाटतं, तारेपलीकडे कुणी उभं आहे असं भासतं, पासवर्ड आठवायला क्षणभर थांबावं लागतं, घड्याळ बघितलं आणि किती वाजले ते डोक्यात राहिलंच नाही. पासवर्ड आठवायला अडखळलास की समज, मेंदू मधूनमधून बंद पडायला लागला. दोन-तीन सेकंदांच्या या झोपेत डोळे उघडेही असू शकतात. तू ‘डोळा लागला’ म्हणतोस, त्याच्या आधी असे पाच-सात झटके येऊन गेले असणार.

तेव्हा वाळूच्या पोत्याला टेकू नकोस. बसायची मुभा असली तरी त्या वेळी बसू नकोस. पोस्टच्या हद्दीत जेवढं हलता येतं तेवढं हल, वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाक, नजर एकाच ठिकाणी न ठेवता जवळून लांब आणि डावीकडून उजवीकडे फिरव. थंड पाणी तोंडावर मारलं तर फरक पडतो, पण तो काही मिनिटांचाच. दोघं असाल तर कुजबुजत का होईना, दर थोड्या वेळाने एकमेकांना काय दिसतंय ते सांगा. आणि चालत नसेलच, तर गार्ड कमांडरला बोलाव. अलार्मचं साधन असतं ते केवळ दुश्मनासाठी नसतं.

ड्यूटी सुटतानाचं एक काम मी नेहमी वेगळं काढून सांगायचो. हत्यार खाली करणं. रात्रभर जागलेला माणूस पहाटे चारला वाळू भरलेल्या ड्रमासमोर उभा राहतो, मॅगझिन काढतो, बोल्ट ओढतो, ट्रिगर दाबतो. हा क्रम हातांना इतका पाठ असतो की डोकं नसलं तरी चालतं. पण एखाद्या रात्री क्रम उलटतो, बोल्ट आधी आणि मॅगझिन नंतर, आणि चेंबरमध्ये राउंड राहतो. म्हणून त्या वेळी दुसऱ्या माणसानं चेंबरमध्ये टॉर्च मारून बघायचंच, कितीही कंटाळा आला तरी. नळी ड्रमाकडून हलवायची नाही. मला अपघाताच्या हकिगती सांगायच्या नाहीत, पण त्यातल्या बहुतेक पहाटेच्या असतात.

उंचीवर असशील तर: नऊ हजार फुटांच्या वर पहिले दिवस झोप लागली तरी तुटते. झोपेत श्वास वेगाने चालतो, मग काही सेकंद थांबतो, आणि माणूस दचकून उठतो. घाबरायचं नाही, तिथल्या विरळ हवेत शरीर असंच वागतं. म्हणूनच अ‍ॅक्लिमटायझेशनचे (शरीराला उंचीची सवय लावायचे) टप्पे आहेत, पहिल्याला सहा दिवस, पुढच्या दोन टप्प्यांना चार-चार. ते दिवस ‘मी फिट आहे’ म्हणून कापू नकोस. आणि तिथं झोपेसाठी दारू किंवा झोपेची गोळी अजिबात नको, दोन्ही श्वास आणखी मंद करतात. झोपेबरोबर डोकेदुखी वाढत असेल, धाप पडून राहिल्यावरही जात नसेल, चालताना तोल जात असेल, तर सकाळची वाट न बघता आरएमओ साहेबांना, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरांना, कळव.

यातलं सगळं एकट्या जवानाच्या हातात नाही. २०१७ मध्ये अमेरिकन नौदलाच्या फिट्झगेराल्ड आणि मॅकेन या दोन विनाशिका दोन महिन्यांच्या अंतरानं व्यापारी जहाजांवर आदळल्या, सात आणि दहा खलाशी गेले. दोन्ही टकरी रात्रीच्या किंवा पहाटेच्या. चौकशीत इतर कारणांबरोबर थकवाही निघाला. त्याआधीच तिथल्या एका पाहणीत खलाशी आठवड्याला १०८ तास ड्यूटीवर असल्याचं दिसलं होतं. त्यानंतर त्यांनी जहाजांवरच्या पाळ्या शरीराच्या घड्याळाला धरून लावायचा हुकूम काढला. हे तुझ्यासाठी नाही, तुझ्यानंतर ज्यांना नाईक, हवालदार व्हायचंय आणि रोस्टर लिहायचंय त्यांच्यासाठी लिहितोय. आपल्याकडे ‘माझ्या वेळी तर आम्ही तीन रात्री’ असं सांगणारे भरपूर. त्यांना मान द्यायचा आणि रोस्टर मात्र पेन्सिलनं नीट मांडायचं. सकाळची वर्किंग पार्टी दुसऱ्या पाळीवाल्यांना सोडून लावली, एवढ्यानेही एमआय रूमची गर्दी हलकी होते. माझं हे मत एका सीनियर जेसीओ (सुभेदार वगैरे) साहेबांना पटलं होतं, दुसऱ्यांना नाही. दोघांच्या कंपन्यांमधला फरक मला रजिस्टरवर दिसायचा.

सेक्शन कमांडरशी बोलशील कसं, तेही सांगतो. ‘झोप होत नाही’ म्हणालास तर उत्तर मिळेल, ‘कुणाची होते?’ त्याऐवजी तीन दिवसांचा हिशेब सांग: कधी पडलो, कधी उठलो, पोस्टवर काय झालं. आणि मागणी एकच, छोटी: दोन ते चारला आठवडाभर दोघं ठेवा, किंवा दुपारी अर्धा तास द्या. आणि गाडी चालवायची वेळ आली, तर तिथं लाज नको. जागा आहे असं वाटत नसेल तर सांगायचं, मी नाही चालवत.

एक वेगळी गोष्ट. वेळ मिळूनही झोप लागत नाही, रात्र रात्र तेच विचार फिरतात, कशातच मन लागत नाही, असं होत असेल तर तो थकवा नाही. किंवा पुरेशी झोप होऊनही दिवसभर पेंगतोस आणि बरॅकमधली पोरं तुझ्या घोरण्याला कंटाळलीत, तोही थकवा नाही. दोन्हींसाठी सिक रिपोर्ट कर, म्हणजे आजारी म्हणून एमआय रूमवर नाव दे. पलटणीत बोलायचा संकोच वाटला तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. सैनिकांसाठी त्याचा एक कक्ष पुण्याच्या एएफएमसीमध्येही (सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात) केलाय.

बुडालेली झोप एका रात्रीत भरून निघत नाही, ती वाण्याच्या उधारीसारखी थोडी थोडी फिटते. सुट्टी मिळाली की पहिले तीन-चार दिवस घरच्यांना सांगून टाक, पाहुणे, जत्रा, पोरगी बघायचा कार्यक्रम, सगळं नंतर. रात्री लवकर झोप, दुपारीही पड. आणि मोठ्या कामावर किंवा लांबच्या पेट्रोलवर जायचंय हे आठवडाभर आधी कळलं, तर त्या आठवड्यात रोज तासभर जास्त झोपून घे. वॉल्टर रीड या अमेरिकी लष्करी संस्थेनं तपासलंय की आधी साठवलेली झोप पुढच्या तुटीत कामाला येते.

आणि दोन रात्री रेल्वेत काढून मिरजेला उतरशील, तेव्हा भाऊ मोटारसायकल घेऊन आलेला असेल. तो ‘दादा, तू चालव’ म्हणेल. तू मागे बस. त्याहून बरं म्हणजे गाडी त्याला एकट्याला नेऊ दे आणि तू एसटी पकड.